कोरडी बोट

दुसऱ्यांच्या आंघोळीचं पाणी सांभाळणं हे माझं काम होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला फरक पडत नाही. ते काम मी जेवढं जीव लावून केलं तेवढं पुढे सुपरवायझर झाल्यावरही काही केलं नाही.

शहाऐंशी साली मी डोंबिवली एमआयडीसीत देवराम मिस्त्रीच्या गाळ्यात पंप दुरुस्त करायचो. एका रंगाच्या कारखान्याचे पंप आमच्याकडे यायचे. त्या कारखान्याच्या शेठची एक लाँच होती, 'रेवा' नावाची, अख्खी सागवानी, ठाण्याच्या कोलशेत बंदरात बांधलेली. शेठ पाहुणे घेऊन खाडीतून वसईकडे आणि तिथून समुद्रात जायचा. पाहुणे अर्नाळ्याच्या बाजूला डुंबायचे आणि येताना अंगावरचं खारट धुवायला बोटीत शॉवर होता. होय, शॉवर! कळव्याला आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडांना मिळून एक नळ, तोही पहाटे चारला थुंकल्यासारखा यायचा आणि बाया हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. इथे तरंगणाऱ्या लाकडात चारशे लिटर गोड्या पाण्याची टाकी, आणि चार माणसं एका संध्याकाळी ती संपवून वर विचारायची, बस एवढंच?

त्या बाथरूमची जमीन खाडीच्या पातळीच्या खाली होती. म्हणजे पाणी आपोआप बाहेर जाणं शक्यच नाही, ते उचलून बाहेर फेकावं लागतं. शॉवर बसवणाऱ्या शहाण्याने फळीला भोक पाडलं आणि मोकळा झाला. साबण, केस, थुंकी, सगळं सरळ बोटीच्या पोटात. पोटात एक मोठा पंप होता. पाणी वाढलं की त्याचा फ्लोट वर तरंगायचा, टक् असा आवाज व्हायचा आणि मोटार सुरू. पाणी उतरलं की फ्लोट खाली, मोटार बंद. हा पंप होता सांध्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा पाण्यासाठी. त्याला केस खायला घातल्यावर तो आठवड्याला जाम व्हायचा, आणि उरलेलं पाणी पोटात कुजून असा वास सुटायचा की शेठाणीने नाकाला पदर लावून सांगितलं, बोट विका नाहीतर तांडेल बदला.

तांडेल म्हणजे बोट चालवणारा गोमाजी. कोलशेतचाच कोळी, साठीचा, बुटका, पाय फाकवून चालणारा. त्याची स्वतःची होडी बांधावर सडून गेली होती, कारण खाडीत मासळीच उरली नव्हती. ज्या कारखान्यांनी खाडी कधी लाल कधी पिवळी केली, त्यातल्याच एकाच्या शेठची लाँच तो चालवत होता. या गोष्टीवर मी तोंड सोडलं की तो बिडी पेटवायचा. "पोट हाय ना रं," एवढंच म्हणायचा.

पहिल्या दिवशी मला पिशवी घेऊन येताना पाहून तो वरूनच ओरडला होता, "मेकॅनिक का? पैल्या मेकॅनिकनी पंपात तेल घातलंन, चा प्याला नि गेला. तू काय पिनार?"

"आधी खाली बघणार."

"खाली बघशील तं प्यालेला चा वर येल."

आला नाही. मी त्या वासात तीन दिवस पालथा पडून काम केलं. शॉवरच्या भोकाखाली फायबरची बंद पेटी बसवली. पेटीत केस अडवायला जाळी, पाणी फेकायला वेगळा छोटा पंप, त्याला स्वतःचा फ्लोट. पाइप पाण्याच्या रेघेच्या वर नेऊन मग बाहेर काढला आणि खाडीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून त्यात रबरी जिभेचा व्हॉल्व्ह टाकला. आंघोळीचं पाणी पेटीत, पेटीतून खाडीत. पोटात एक थेंब नाही. वास गेला, गोमाजीची नोकरी राहिली, आणि दर शनिवारी मी कोलशेतला जायचं असं ठरलं.

ते शनिवार! सकाळी पेटीचं झाकण उघडायचं, जाळी काढायची. जाळीवरून कळायचं कोण आलेलं. लांब काळे केस, मेंदीचे लाल केस, एकदा चक्क सोनेरी. साबणाचा पांढरा गाळ बोटांनी खरवडायचा. पाइपातून धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी सोडायचं. फ्लोट बोटाने उचलून टक् ऐकायचं. बॅटरीत पाणी भरायचं. दोन्ही मोटारींचे आवाज मला माणसांच्या आवाजासारखे पाठ झालेले. छोटी चिरक्या आवाजाची, मोठी घोगरी. काम आटपलं की गोमाजीची बायको सगुणाबाय तांदळाची भाकरी आणि सुकट पाठवायची. आम्ही बोटीच्या टपावर बसून खायचो. पलीकडे तिवरं, त्यांत बगळे, मिठागरांचे ढीग उन्हात डोळ्यांत घुसणारे, मधूनच रेतीची बोट काठोकाठ भरून अशी जायची की आता बुडते की मग. आज तिकडे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत बावीस बावीस मजल्यांवर शॉवर आहेत. ते सगळं पाणी कुठे जातं ते मला माहीत आहे, राहणाऱ्यांना नाही.

बोटीबरोबर इंग्रजी पुस्तक आलेलं, बोट कशी ठेवावी याचं. मी नववीत शाळा सोडलेला. शब्दकोश घेऊन ते पुस्तक मी चार महिन्यांत पुरं केलं. कांता, माझी बायको, शब्द शोधून द्यायची आणि म्हणायची, "एवढ्यात मॅट्रिक झाला असतास." त्या पुस्तकाचा मला माज चढला. खोटं कशाला बोलू? गोमाजी काही सांगायला लागला की मी म्हणायचो, "पुस्तकात तसं नाही, तांडेल."

"पुस्तक कंदी खारीत उतरलंय का?" तो म्हणायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या फाल्गुनात, अमावास्येच्या उधाणाला, रेवा रंगकामासाठी बांधावर ओढली. ती पुन्हा तरंगवायची चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला, कारण एवढं वर पाणी त्याच दिवसांत येतं. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी शेठचे जर्मन पाहुणे यायचे होते. देवरामने मला पंधरा दिवस कोलशेतलाच दिला. सगळे पंप उघडून नवीन करायचे होते. इंजिन उतरवून कारखान्यात नेलेलं, ते पाहुण्यांच्या आदल्या संध्याकाळी बसायचं होतं.

मधेच एकवीरेची जत्रा. कोलशेतचा अख्खा कोळीवाडा पालखी घेऊन कार्ल्याला निघाला. गोमाजी आणि सगुणाबाय तिकडून लेकीकडे खोपोलीला जाऊन पौर्णिमेला परतणार होते. निघायच्या सकाळी गोमाजीने रेवाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडले. मग मला बोलावलं.

"चांगदेवा, मी येयपरयंत तिला पानी पाजायचं. सकालचे सात हंडे, सांजचे सात. खारीचंच, गोडं नाय. पोटात वतायचं, बाजूच्या फल्यांवरून. चुकवू नको. ती तापली तं आपल्याला खाल."

आता माझं ऐका. माझा बाप दगडू छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्याने घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून कल्याणच्या खाडीत सोडले. आजी आठवडाभर जेवली नव्हती. मी त्या घरातला. समोर कुंकू लावलेली बोट, फुटलेला नारळ, आणि हा म्हातारा मला सांगतोय की हिला मोजून सात हंडे पाज. मी मनात म्हणालो, तुझ्या देवीला तू पाज. मी लाकडाला पाणी घालणार नाही.

पण तोंडावर बोललो नाही. मान हलवली. माझ्या फटकळपणाचं एवढं कौतुक होतं चाळीत, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे मान हलवली. तो जत्रेच्या घाईत होता, खूश होऊन गेला.

आणि मी नुसतं पाणी घातलं नाही असं नाही. मी उलटं केलं. पुस्तकात लिहिलेलं, पोट कोरडं ठेवा. पाच दिवसांचं त्याने पाजलेलं पाणी मी मोठ्या पंपाने उपसलं, उरलेलं फडक्याने टिपलं, झाकणं उघडी टाकली, कारखान्यातून टेबलफॅन आणून आत लावला. चैत्राचं ऊन वरून. आठ दिवसांत पोट असं खडखडीत झालं की मी त्यात चादर टाकून झोपलो असतो. दोन्ही पंप नवे केले. रंगाऱ्यांनी बाहेरून लांबीची पुट्टी भरून पांढराशुभ्र रंग मारला. रेवा नवरीसारखी दिसत होती. मी तिच्याभोवती फिरून स्वतःवरच खूश.

पौर्णिमेला गोमाजी उशिरा आला. खोपोलीची एसटी बंद पडलेली. तो पोचला तेव्हा भरतीचं पाणी बांधाला लागलेलं, दोर घेऊन वीस माणसं उभी, आणि पाणी कुणासाठी थांबत नाही. त्याने पिशवी सगुणाबायकडे फेकली आणि पळतच विचारलं, "पाजलंस ना रं?"

"सगळं टकाटक आहे, तांडेल."

हे माझं उत्तर. याला खोटं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

माणसांनी ओढली, रेवा घसरली, तरंगली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं चढलो. बिडी निम्मी होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग खालून टक् आवाज आला आणि मोठी मोटार घोगरली.

सुरू झाली ती थांबेना. मी झाकण उघडून हातातली बॅटरी मारली. दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या प्रत्येक सांध्यातून पाणी रेघ धरून उतरत होतं. कुठे एक भोक असतं तर मी अंगठा लावला असता. इथे अख्खी बोटच गळत होती. लाकूड सुकून आखडलेलं, सांधे उघडलेले, बाहेरचा रंग आणि लांबी पाण्याने पापडासारखी आत ढकलली गेलेली.

गोमाजीने वाकून आतल्या फळीला हात लावला. वरचा भाग अजून कोरडा होता, गरम होता. त्याने हात तसाच ठेवला.

"पाजलं नाय तू."

"मी पूजाअर्चा करत नाही, तांडेल. तुम्हाला माहीत आहे."

"पूजा?" त्याला खरंच कळलं नाही. "कसली पूजा? लाकूर सुकलं तं फाटतं. म्हनून पानी. गोडं पानी त्याला सरवतं, खारं राखतं, म्हनून खारीचं. माझा बाप पाजायचा, त्याचा बाप पाजायचा. यात देवी कुठून आयली?" मग अगदी सरळ, कुजकं काही मनात न ठेवता तो म्हणाला, "देवीचं काम मी तुना सांगीन का?"

मोटार चालू होती. पाणी घोट्याला लागलं होतं. आणि मला ते वाक्य चावलं. तुना. म्हणजे तुला. दोन वर्षं ज्याच्याबरोबर सुकट खाल्लं, त्याच्या डोक्यात ती रेघ शाबूत होती, इतकी शाबूत की ती बोलून दाखवताना त्याला कमीही वाटलं नाही. आणि त्याहून मोठा चटका हा की त्याचं गणित बरोबर होतं. माझ्या बापाच्या लेकाला एवढं कळायला हवं होतं: कुठलाही कोळी आपल्या देवीचं काम मला सांगणार नाही. म्हणजे त्याने सांगितलेलं काम देवीचं नव्हतंच. मी माझ्या रागात एवढाही हिशेब केला नाही.

"दुसरा पंप पण लावतो," मी ओरडलो. "पेटीचा काढून पोटात टाकतो. दोन मिळून खेचतील."

"बंद कर."

"काय?"

"मोटार बंद कर. पंप काढ, बॅटऱ्या काढ, वर ने. बुरू दे तिला."

"तांडेल, तीन दिवसांवर पाहुणे आहेत!"

"म्हनूनच. जेवरं तू उपसशील तेवरी ती सुकी राहील. तिची तहान भागू दे. प्याली की फुगल, फुगली की सांधे मिटतील. बुरू दे."

आम्ही तिला बांधाजवळच्या उथळ पाण्यात घेतलं, चार खुंटांना बांधलं, पंप आणि बॅटऱ्या उचलून नेल्या. भर दुपारी अख्ख्या कोळीवाड्यासमोर शेठची पांढरीशुभ्र लाँच टपापर्यंत पाण्यात बसली. बाया कपाळाला हात लावून बघत होत्या. एक म्हातारा ओरडला, "गोमाजी, जत्रेतून हाच परसाद आनलास का?" गोमाजी कुणाला एक शब्द बोलला नाही की हे कुणामुळे झालं. सगुणाबायनेही मला विचारलं नाही. नुसती बघायची. ते जास्त वाईट.

संध्याकाळी ओहोटीला रेवा चिखलात टेकली तेव्हा आतलं पाणी सांध्यांतून चाळणीसारखं बाहेर गळत होतं. गोमाजीने तीन सगळ्यात मोठ्या सांधी दाखवल्या. त्यांत आम्ही तेलात भिजवलेला कापूस ठोकला. बाकीच्यांना हात लावू दिला नाही. "त्या तिच्या ती मिटवल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा मॅनेजर आला. कुणीतरी फोन केलेला. पांढरा शर्ट, हातात किल्ली फिरवत. मागे त्याचा ड्रायव्हर धोंडीबा. मॅनेजरने चिखलात बसलेली, पाण्याने भरलेली बोट बघितली आणि किल्ली फिरायची थांबली.

"कोणी केलं हे?"

"मी सांगितलं बुरवायला," गोमाजी म्हणाला.

"बुडवायला? दारू प्यालास का? मेकॅनिक, पुस्तक आहे ना तुझ्याकडे? काय लिहिलंय त्यात?"

"पोट कोरडं ठेवा असं लिहिलंय, साहेब."

"तू ठेवलंस?"

"ठेवलं."

"मग?" तो गोमाजीकडे वळला. "हा शिकून काम करतो, आणि तू बोट पाण्यात घालतोस. बस्स झालं तुझं. शेठला मी सांगतो. तू," माझ्याकडे बोट, "महिनाभरात लाँच चालवायला शिकशील? पर्मनंट करून टाकतो."

पर्मनंट! देवरामच्या गाळ्यात मी रोजावर होतो. कांताला चौथा महिना होता. आणि ते कालचं वाक्य अजून कानात होतं. मी साधू नाही. मी तेव्हा गोमाजीकडे बघितलं आणि मला त्याची कीव आली म्हणून बोललो असं समजू नका. कीव नाहीच आली. राग होता, चिक्कार. पण मला खोटं जिंकायचं नव्हतं. जे पुस्तक मी घाम गाळून वाचलं त्याच्या आड लपून एका म्हाताऱ्याची भाकरी घ्यायची, हे मला जमेना.

"साहेब, चूक माझी आहे. तांडेलने पाणी घालायला सांगितलं होतं. मी घातलं नाही. वर खोटं सांगितलं. बोट सुकून फाटली ती माझ्यामुळे. हा ती नीट करतोय."

"पुस्तकात..."

"पुस्तक पाण्यातल्या बोटीचं आहे, साहेब. बांधावर चैत्राच्या उन्हात पडलेल्या सागवानाचं त्यात एक अक्षर नाही. मी सगळं वाचलंय. तुम्ही वाचलंय का?"

धोंडीबा खोकला. मॅनेजरचे कान लाल झाले.

"उद्या सकाळी ओहोटीत बोट रिकामी करा," तो म्हणाला. "पंप परत बसवा. भरती वर येईपर्यंत मी स्वतः आत बसतो. पंप एकदा जरी सुरू झाला, म्हणजे पाणी आत आलं, तर म्हातारा घरी आणि तुझा तो मिस्त्री पण आमच्या गेटच्या बाहेर. समजलं?"

"समजलं," गोमाजी म्हणाला. पहिल्यांदा त्याचा आवाज लहान आला.

त्या संध्याकाळच्या ओहोटीला गळती कमी झाली होती. चाळणीची झारी झाली. पुढच्या सकाळी बघितलं तर बोट चिखलात, आत पाणी भरलेलं, आणि बाहेरून फळ्या नुसत्या ओल्या. कुठे कुठे थेंब लोंबत होता, पडत नव्हता. गोमाजी तिच्या पोटावरून हात फिरवत चालला. म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा.

मी पंप बसवले, बॅटऱ्या जोडल्या. मोठा पंप सुरू केला. दीड तास त्याने पाणी फेकलं. शेवटी फ्लोट खाली आला, मोटार थांबली. मॅनेजर पायाला चिखल लागू नये म्हणून फळीवरून चालत आला आणि केबिनीत मोडक्या खुर्चीवर बसला. धोंडीबाचा पाय फळीवरून घसरला, तो गुडघ्यापर्यंत चिखलात. तसाच तो मागून बोटीवर चढला.

मग भरती सुरू झाली. आम्ही तिघं बसून ऐकत होतो. पाणी आधी बुडाला लागलं, मग पहिल्या फळीला, मग दुसऱ्या. खिडकीतून मला खुंटावरची पाण्याची रेघ चढताना दिसत होती. बोट एकदा हलली, दोर ताणले, रेवा चिखलातून सुटली. गोमाजी मांडी घालून बसलेला, हात गुडघ्यांवर, नजर खालच्या झाकणावर. साठ वर्षांच्या माणसाची पुढची भाकरी त्या एका टक् आवाजावर टांगलेली. मॅनेजर घड्याळ बघत होता. बाहेर बांधावर सगुणाबाय उभी, डोक्यावर पदर.

बारा वाजले. साडेबारा. तिसरी फळी बुडाली.

टक्.

मोटार सुरू झाली.

गोमाजीने डोळे मिटले. मॅनेजर खुर्चीवरून उठला. "झालं," म्हणाला. "मी सांगितलं होतं."

"थांबा," मी म्हणालो. "थांबा, साहेब! ही ती नाही."

"काय ती नाही?"

"ही छोटी आहे. आवाज ऐका. चिरका आहे. मोठी अशी बोलत नाही. ही शॉवरच्या पेटीची आहे!"

मी जाऊन बाथरूमचं दार ढकललं. आत धोंडीबा, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, शॉवरखाली एक पाय वर धरून उभा. पाहुण्यांसाठी सकाळी भरलेल्या टाकीचं गोडं पाणी त्याच्या पायावरून चिखल घेऊन पेटीत चाललेलं.

"पाय धुत होतो," तो म्हणाला. "गाडी खराब झाली असती ना साहेबांची."

मी मॅनेजरला मोठ्या पंपाचं झाकण उघडून दिलं. फ्लोट तळाला पडलेला, मेलेल्या बेडकासारखा. पोटात पाणी होतं ते चमचाभर. पेटीची मोटार आणखी थोडी चिरकली आणि थांबली. मग कुठलाच आवाज नाही. पाणी भरतीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं आणि परत फिरलं तरी मोठी मोटार बोलली नाही. गोमाजीने खाली उतरून फळ्यांवर तळवा ठेवला आणि मॅनेजरसमोर धरला. ओला होता. थेंब नव्हता.

मॅनेजरने काय म्हणावं? "उद्या नऊला पाहुणे," एवढं म्हणून फळीवरून निघून गेला. अशी माणसं चुकलो म्हणत नाहीत, पुढची वेळ सांगतात. धोंडीबा जाताना मला डोळा मारून गेला.

बांधावरून सगुणाबाय ओरडली, "राह्यली का?"

"राह्यली!" गोमाजी ओरडला. नोकरी की बोट, काय ते दोघांनी म्हटलं नाही.

मग तो खाली बसला. अंगावर तीन दिवसांचा चिखल सुकून भेगाळलेला. बाथरूमच्या उघड्या दाराकडे बघत म्हणाला, "तो डायव्हर तं खुशाल पाय धुऊन गेला."

"गेला."

"मी इतकी वरसं चालवतंय हिला. त्या शावरखाली एकदा उभा नाय राह्यलू." त्याने दारातून डोकं आत घातलं. "कसा चालू करतात?"

मी दाखवलं. तो लंगोट्यावर आत गेला आणि मी पेटीचं झाकण उघडून खाली पालथा पडलो, सवयीने. वर पाणी पडायला लागलं. म्हातारा एकदम "आई आई आई" करत हसायला लागला, लहान पोरासारखा. पेटीत काळं पाणी आलं, मग तांबूस, मग पांढरं. फ्लोट वर आला, टक्, मोटार चिरकली, खाडीत धार पडली. माझ्या आयुष्यात मी जोडलेल्या शेकडो मोटारींतली तेवढी एक मला अजून ऐकू येते.

तो बाहेर आला, पंच्याने डोकं पुसत.

"जा आता तू. पानी हाय अजून."

"तांडेल, परवा तुम्ही बोललात, देवीचं काम..."

"बोललू," तो म्हणाला. विसरला नव्हता तर. पंचा पिळला. "खरं तेच बोललू ना?"

"खरंच बोललात. म्हणूनच लागलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. माफी मागितली नाही. कशी मागतात ते त्याला ठाऊकच नव्हतं बहुतेक. आणि खोटं बोललो होतो मी, तरी मीही नाही मागितली. तो माझ्या जागी पेटीपाशी गुडघे टेकून बसला, झाकणात डोकं घालून.

"जा, न्हा," म्हणाला. "जाली अडकली तं मी काढतंय."

मी आत गेलो, शॉवर चालू केला. खालून त्याचा आवाज आला, पाण्यातून, "केस लई गलतात रं तुझं."